वाघजाईच्या डोंगरावरून दिसलेला मंगळ

तुम्ही गेलात आणि लोकांचं खरं ठरलं. पहिले काही दिवस मला रडू आलं नाही, ते ह्या रागापायीच. समाचाराला बायका यायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या आणि उठून जाताना उंबऱ्याशी थांबून एकमेकींच्या कानाला लागायच्या. त्या काय बोलताहेत ते ऐकू यायची मला गरज नव्हती. लग्नाआधी मी तेच ऐकत वाढले होते. मुलीला मंगळ आहे, सप्तमात आहे, नवऱ्याला जड आहे. तुम्ही त्या सगळ्यांना वेड्यात काढून माझ्याशी लग्न केलंत, आणि डोक्यावरचे केस धड पिकायच्या आत निघून गेलात. जायचंच होतं तर म्हातारे होऊन जायचंत. काठी टेकत, दात पडल्यावर, चार नातवंडं झाल्यावर. मग मी कुणाच्याही तोंडासमोर उभी राहिले असते.

घरात माझा पाय ठरत नाही. चुलीवर भात टाकते आणि अंगणात येऊन उभी राहते, तो करपल्याच्या वासाने आत जाते. विहिरीवर पोचते तर घागर घरीच राहिलेली असते. मनात सारखं तुमच्याशी भांडण चालू असतं, आणि ते कुणाला ऐकू येत नाही म्हणून संपतही नाही. तर आज सरळ तुमच्याशीच बोलते.

तो फाल्गुन तुम्ही नेहमी तुमच्या तऱ्हेने सांगायचात, आज माझ्या तऱ्हेने ऐका. मी सावर्ड्याहून रत्नागिरीला दादाकडे आले होते. माझं तिसरं स्थळ मोडलं होतं, अठरावं वर्ष लागलं होतं, आणि आईला माझ्याकडे बघवत नव्हतं म्हणून तिने मला भावाकडे धाडलं होतं. तुम्ही आणि दादा एकाच शाळेत शिकवायचात. शिमग्याला गावी या, पालखी बघा, असं तुम्ही दादाला म्हणालात आणि आम्ही बैलगाडीने हातखंब्यावरून तुमच्या गावी आलो. माझ्या मंगळाची गोष्ट दादाने वाटेत गाडीतच तुमच्या कानावर घातली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते आणि तुम्ही दोघे शाळेच्या गोष्टी करताहात असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तुम्ही म्हणालात, वाघजाईच्या डोंगरावर जाऊ या, आज आभाळात बघण्यासारखं आहे. सासूबाईंनी फडक्यात गूळपोहे बांधून दिले. तुम्ही पुढे, दादा धापा टाकत मधे आणि मी मागे. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढत, वाळल्या गवतावरून घसरत आम्ही वर पोचलो. माथ्यावर देवीचं ते लहानसं देऊळ आणि त्याच्यापुढे पसरलेला काळाभोर कातळ. कातळ अजून तापलेला होता. पश्चिमेला खूप लांब समुद्राची पट्टी दिसत होती आणि सूर्य तिच्यात उतरत होता.

आधी शुक्र दिसला. त्याला काही शोधावं लागत नाही. चंद्राची बारीक कोर होती. मग तुम्ही आम्हाला पाठ फिरवून पूर्वेकडे बघायला लावलंत. तिकडे घाटाच्या अंगाला गुरू आणि शनी दोघे शेजारी शेजारी वर येत होते. दोन ग्रह पूर्वेला, दोन पश्चिमेला, मधे आपण, असं तुम्ही म्हणालात. मी मनात मोजले. पूर्वेचे दोन तर झाले. पश्चिमेला एकच दिसत होता.

मी दादाला हळूच विचारलं, चौथा कुठला. उत्तर तुम्ही दिलंत.

"मंगळ. शुक्राच्या खाली बघा. नीट बघा, बारीक आहे."

त्याच्याकडे बघायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. घरात त्याचं नाव निघालं की आई दार लोटून घ्यायची. मला वाटायचं, तो आभाळात कुठेतरी निखाऱ्यासारखा धगधगत असणार. मी खूप वेळ शोधला. मग दिसला. मोहरीच्या दाण्याएवढा, विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखा. शुक्रापुढे तर तो बिचारा वाटत होता.

"एवढासाच?" मी म्हटलं, आणि मला हसू फुटलं. ते आवरेना. दादा घाबरून माझ्याकडे बघायला लागला, कारण मी कित्येक महिन्यांत हसले नव्हते. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही गंभीरपणे सांगितलंत की सध्या तो फार लांब गेलाय, दर दोनेक वर्षांनी जवळ येतो, मोठा दिसतो आणि पुन्हा लांब जातो. त्याची वाट ठरलेली आहे, तिच्यात कुणाचं घर लागत नाही. तुम्ही वर्गात सांगावं तसं सांगत होता, पण आवाज वर्गातला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं.

उतरायला लागलो तेव्हा समुद्राच्या अगदी काठाशी मला एक ठिणगी दिसली. मी म्हटलं, हा बुध असेल. तुम्ही म्हणालात, बुध सध्या दिसत नाही, तो गलबताचा दिवा. मी म्हटलं, गलबत हलतं, हा हलत नाही. तुम्ही म्हणालात, इतक्या लांबून हललेलं कळत नाही. हे भांडण आपण संसारभर केलं. पाहुणे जेवायला बसले की तुम्ही त्यांच्यापुढे काढायचात, मी आतून उत्तर द्यायची, आणि पाहुण्यांना कळायचं नाही की आमटी वाढायची थांबवून ही बाई कुठल्या गलबताबद्दल बोलते आहे. मी अजूनही म्हणते तो बुध होता. आता नाही म्हणणारं कुणी राहिलं नाही, तर त्यात काही गंमतही राहिली नाही.

चार दिवसांनी तुम्ही दादाकडे मला मागणी घातलीत. सावर्ड्याला आई आधी आनंदाने रडली आणि मग भीतीने. इकडे सासूबाईंनी अन्न सोडलं. त्या तुमच्या आई, त्यांचं काय चुकलं? मोठा मुलगा, बाप लहानपणीच गेलेला, आणि तो मुद्दाम मंगळाची मुलगी करून आणतो म्हणतो. शेवटी त्या म्हणाल्या, कर बाबा, पण आधी कुंभविवाह होऊ दे. मुलीचं लग्न आधी मातीच्या घड्याशी लावायचं, घडा पाण्यात सोडायचा, म्हणजे जे काही अशुभ असेल ते घड्यावर जाईल. तासाभराचं काम. तुम्ही नाही म्हणालात. दादाने समजावलं, माझ्या आईने पदर पसरला. तुम्ही एकच बोललात, "मग मी काय दुसरेपणाचा नवरा?" ते ऐकून भटजीसुद्धा हसले म्हणे.

मीही दादाबरोबर निरोप पाठवला होता, होऊन जाऊ दे, सगळ्यांच्या जिवाला बरं वाटेल. तुम्ही उलट निरोप पाठवलात की सुरुवातच भीतीने केली तर रोज तिला नैवेद्य दाखवावा लागेल. शहाण्यासारखं बोललात. पण तुमचं शहाणपण तुमच्यापाशी होतं, भीती माझ्यापाशी. तुम्ही ती माझ्याकडून काढून घेतली नाहीत, नुसती तिला बोलायची बंदी केलीत. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

लग्न घड्याशिवाय झालं. वरात घरी आली, मी माप ओलांडून आत आले, तेव्हा ओवाळताना सासूबाईंची नजर तुमच्यावरून हलत नव्हती. पुढे कितीतरी वर्षं तुम्हाला साधा खोकला झाला तरी त्या आधी माझ्याकडे बघायच्या आणि मग तुमच्याकडे. बोलल्या कधीच नाहीत. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी त्यांच्याशी नीट वागले, त्याही माझ्याशी नीट वागल्या, पण आमच्या दोघींच्या मधे तो तिसरा कायम बसलेला असायचा.

रत्नागिरीतले दिवस मात्र चांगले होते. आपलं बिऱ्हाड गावाच्या वरच्या अंगाला, सड्याला लागून. तुम्ही शाळेतून आलात की चहा घेऊन तडक त्या उघड्या माळावर, आणि तिथून हाका. माझे हात पिठाने भरलेले असले तरी यावंच लागायचं. शनी उगवलाय, गुरूजवळ चंद्र आलाय, लवकर ये. भाकरी करपली तर शनी खाणार आहात काय, असं म्हणत मी यायची. मग तिथे शेजारची मुलं, बंदरावरून घरी जाणारे दोन-चार खलाशी, सगळ्यांमधे तुम्ही हात वर करून उभे. मला नुसतं दाखवून तुमचं समाधान व्हायचं नाही. आज तू शोध म्हणायचात. मी चुकीचं बोट केलं की सांगायचा नाहीत, नुसते थांबायचात. असं करता करता एके दिवशी मी तुमच्या आधी गुरू शोधला. गावी गेल्यावर तुम्ही ते सासूबाईंना इतक्या अभिमानाने सांगितलंत, जणू मी तो विकत आणला होता.

चित्रा झाली. नक्षत्राचं नाव तुम्हीच ठेवलंत. तिची पत्रिका करायची नाही म्हणालात. सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या, त्यांनी घड्याळाकडे बघून वेळ मनात धरली होती. घरातल्या सगळ्या नातवंडांच्या वेळा त्यांना पाठ असतात. पण तुम्ही मागितली नाहीत आणि त्यांनी सांगितली नाही.

आणखी एक. मी मंगळवारचा उपास करायची. सांगायला गणपतीचा, मनात मंगळासाठी. तुम्हीही गणपतीचाच समजत होता असं मला वाटायचं. पण दर मंगळवारी संध्याकाळी शाळेतून येताना तुम्ही केळी आणायचात, इतर कुठल्या दिवशी नाही. ती माझ्यापुढे ठेवून कोट काढायला आत जायचात. तुम्हाला ठाऊक होतं. इतका हट्टी माणूस, पण त्या उपासाबद्दल तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाहीत. त्या केळ्यांबद्दल मी तुम्हाला काही म्हणायला हवं होतं. काय म्हणतात अशा वेळी, ते मला येत नव्हतं.

ह्या वर्षी आषाढात मंगळ फार जवळ आला. पाऊस ओसरून आभाळ जरा फाटलं की तुम्ही घोंगडी डोक्यावर घेऊन बाहेर. एकदा आत येऊन मला म्हणालात, बाहेर ये, तुझा पाहुणा काय सजून आलाय बघ. मी गेले नाही. खिडकीतून ढगांच्या फटीत तो तांबडालाल दिसला, तेवढ्यानेच मी खिडकी लावून घेतली. तुम्ही म्हणालात, आता तो लांब जायला लागेल, मार्गशीर्षात वाघजाईवर जाऊ, चार ग्रह एका ओळीत येताहेत. पुढे तिकडे विलायतेत लढाई जुंपली आणि जो तो म्हणायला लागला, तरीच मंगळ इतका लाल झाला होता. तुम्ही त्यावर वाद घालत हिंडलात. पितृपक्षात तुम्हाला ताप भरला.

मुदतीचा ताप म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मुदत संपेल, उतरेल. सासूबाई गावाहून आल्या. त्या डोक्याशी, मी पायाशी. मुदत संपली तरी ताप उतरेना. त्या दिवशी दुपारी त्या जरा पडायला म्हणून माजघरात गेल्या होत्या. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला जवळ बसायला सांगितलंत. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं.

"मंगळाची शांती करायची असेल तर कर," तुम्ही म्हणालात. "तुझ्या जिवाला स्वस्थता येईल."

मी विचारलं, "तुमचा विश्वास बसला?"

"माझं राहू दे. तुला हवी आहे ना?"

हवी होती. माझ्या अंगातला थेंब न् थेंब हो म्हणत होता. त्याच पावली भटजींकडे धावत गेले असते. पण तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि मला अशी भीती वाटली, जशी मंगळाची कधी वाटली नव्हती. तुम्ही वाद सोडून दिला होता. तुम्ही वाद घालताहात तोवर तुम्ही आहात, असं मला वाटलं. हो म्हटलं तर मी तुम्हाला निरोपच देते आहे, असं वाटलं.

"नको," मी म्हटलं. "बरे व्हा. मग त्यावरून भांडू."

तुम्ही डोळे मिटलेत. ओठ हलले. ते हसलात, की तोंड कोरडं पडलं होतं म्हणून हलले, हे मी रोज ठरवते आणि रोज वेगळं ठरवते. दसरा झाल्यावर तुम्ही गेलात.

आता तुम्हीच सांगा. शांतीने ताप उतरत नाही हे मला कळतं. तुम्ही शिकवलंत म्हणून नव्हे, माझं मलाही कळतं. पण कळतं म्हणून मन थांबत नाही. ते म्हणतं, तो स्वतः हो म्हणाला होता, तू नको म्हणालीस. हे मी कुणाला सांगितलं नाही. दादालाही नाही. सासूबाईंना सांगायचं तर तोंडच नव्हतं. बिऱ्हाड मोडून आम्ही तिघी गावच्या घरी आलो. त्या पुढच्या पडवीत बसायच्या, मी मागच्या दारी. मला वाटायचं, एक दिवस त्या बोलणार. इतकी वर्षं नुसतं बघितलं, आता बोलणार. त्या बोलल्या असत्या तर मी ऐकून घेतलं असतं. कदाचित मोकळी झाले असते.

चित्राचं दापोलीचं स्थळ तुम्ही जवळजवळ ठरवून गेला होता. पत्रिका बघायची नाही असं त्यांनी तुमच्या शब्दाखातर कबूल केलं होतं. तुम्ही गेल्यावर त्यांचा धीर सुटला. कार्तिक संपता संपता मुलाचे मामा आले. भला माणूस, चहा घ्यायलाही अवघडत होता. भाऊजींना त्यांनी एकीकडे घेऊन सांगितलं की, आमचं काही म्हणणं नाही, पण घरच्या बायका ऐकत नाहीत. आईचं असं झालं, मुलीचं काय आहे ते एकदा बघितलेलं बरं. नुसती जन्मवेळ द्या, पत्रिका आम्हीच करून घेऊ.

भाऊजी तुमचे धाकटे भाऊ खरे, पण त्यांना वाद झेपत नाहीत. ते मला म्हणाले, वहिनी, मुलीचं कल्याण बघा, वेळ देऊन टाका, चांगलीच निघेल. मला वेळ ठाऊक नव्हती. मी तेव्हा शुद्धीवर कुठे होते? मी म्हटलं, सासूबाईंना विचारा. आणि म्हटल्याबरोबर वाटलं, आता त्या सांगणार. चित्रा आतल्या दाराशी उभी होती. तिने माझा हात घट्ट धरला.

भाऊजी पडवीत गेले. आई, चित्राची जन्मवेळ कुठली? मामा पुढे सरकून बसले.

सासूबाई कुळीथ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

भाऊजींना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, पहाट होती की दिवस वर आला होता, तेवढं तरी. स्वतः भाऊजींची, त्यांच्या चारही मुलांची, शेजारच्या वासराचीसुद्धा वेळ सांगणारी ती बाई तशीच खाली मान घालून खडे काढत राहिली.

"नाही आठवत रे. म्हातारी झाले. ज्याला विचारायचं तो राहिला नाही, आणि त्याने विचारलंच नव्हतं."

मामा उठले. जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. स्थळ मोडलं. चित्रा रडली नाही, उलट त्या संध्याकाळी तिने आजीचे पाय चेपून दिले. आणि मी आणखीच सैरभैर झाले. मुलीचं ठरलेलं स्थळ गेलं त्याचं दुःख करावं, की तुमच्या आईने तुमची बाजू घेतली ह्याचा आनंद, ते कळेना. माझी बाजू घेतली असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. त्यांना ती दुपार कुठे ठाऊक होती?

मग काल मार्गशीर्षातली ती संध्याकाळ आली. आभाळ धुतल्यासारखं होतं. चित्रा म्हणाली, बाबा म्हणाले होते ते ग्रह आता ओळीत असतील, वाघजाईवर जाऊ या. मी म्हटलं, अजून वर्ष सरलं नाही, मी घराबाहेर पडले तर लोक काय म्हणतील. तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"मी येत्ये. मग काही म्हणणार नाहीत."

सासूबाई. डोंगर घराच्या पाठीशी, पण स्वतः सून म्हणून आल्यापासून त्या नवरात्रात देवीला जायच्या, सकाळच्या उन्हात, आणि लगेच उतरायच्या. तुमच्याबरोबर संध्याकाळी त्या कधी वर गेल्या नाहीत. तुम्ही दर वेळी बोलवायचात आणि त्या दर वेळी दिवेलागणीचं निमित्त काढायच्या. काल त्यांनी चित्राला सांगून देवापुढचा दिवा उजेडातच लावून घेतला आणि काठी घेतली.

आम्ही फार हळू चढलो. करवंदीच्या जाळीपाशी त्या दोनदा बसल्या. मी म्हटलं, परत जाऊ या. त्यांनी हात हलवून नको म्हटलं. माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि शुक्र समुद्रावर अगदी खाली टेकल्यासारखा होता. तिथून वर, तिरक्या ओळीत, आधी मंगळ, मग मोठा गुरू आणि पूर्वेकडे शनी. तुम्ही म्हणाला होता तसेच, एका दोरीवर वाळत घातल्यासारखे. चित्रा बोट करून आजीला एकेक सांगत होती, तुमच्याच आवाजात, मधे तुमच्यासारखी थांबत. मला ते ऐकवेना. मी कातळाच्या कडेपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची.

सासूबाईंनी प्रत्येकाला हात जोडले. शुक्राला, गुरूला, शनीला. मंगळाशी त्या थांबल्या.

"हाच काय गो?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी मान मागे टाकून खूप वेळ बघितलं. दूर खालच्या घरांतून दिवे लागायला लागले होते.

"मला वाटायचं, हा तुझ्या डोक्यावर आहे," त्या म्हणाल्या. "हा तर सगळ्यांच्याच डोक्यावर आहे." आणि त्यालाही त्यांनी हात जोडले.

मग माझ्याने राहवलं नाही. चित्रा देवळात दिवा लावायला गेली होती. मी त्यांच्यापुढे बसले आणि ती दुपार सगळी सांगून टाकली. तुम्ही काय म्हणालात, मी काय म्हणाले. तुम्ही शांती कर म्हणालात आणि मी नको म्हटलं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांनी पाय मागे घेतले तर काय करायचं, एवढंच मनात होतं.

त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. मी दाराशीच होते."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणाल्या ते. त्यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि मग दापोलीच्या माणसाला वेळ आठवत नाही म्हणून सांगितलं होतं.

"मग तुम्ही का नाही करवलीत शांती?" मी विचारलं. "तुमचा तर विश्वास आहे. मला न विचारता करायची होतीत."

सासूबाई काठीवर जोर देऊन उठायला लागल्या. मी हात दिला, तो त्यांनी धरला.

"तो तुला विचारीत होता गो," त्या म्हणाल्या. "मला नाही."

काळोख पुरता दाटायच्या आत आम्ही उतरायला लागलो. उताराला त्यांनी माझा हात सोडला नाही. पुढे चित्रा वाट दाखवत होती.